गच्चीवरचा थर्मामीटर आणि न्यूटनचा तक्ता

मे महिन्यात नागपुरात अकरानंतर गच्चीवर चढायचं काम कुणी आपणहून ओढवून घेत नाही. माझ्या भाचीने घेतलं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि संख्यात्मक विश्लेषणाच्या प्रोजेक्टसाठी तिला दिवसभराचं तापमान टिपायचं होतं. त्रिमूर्तीनगरच्या आमच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीखाली सावलीत तिने एक डिजिटल थर्मामीटर टांगला. ठरवलं होतं दर तासाला बघायचं. प्रत्यक्षात सहा, आठ, अकरा आणि दुपारचे दोन एवढ्याच नोंदी झाल्या. मधल्या वेळात आईने धाडलेली कामं आणि कूलरमध्ये पाणी भरणं. संध्याकाळी वही घेऊन आली आणि म्हणाली, "मामा, दहाचं राहून गेलं. आता कुठून आणू?"

तिला जे करून दाखवलं तेच इथे लिहितो. वही आणि पेन घेऊन बसा. हा विषय नुसता वाचून कळत नाही, हाताने एक तक्ता मांडला की कळतो. कॉलेजात सगळे याला 'डिव्हायडेड डिफरन्स' म्हणतात. मराठी परिभाषेत विभाजित अंतर. दोन नोंदींमधलं हरवलेलं मूल्य काढणं म्हणजे अंतर्वेशन, आणि नोंदींच्या बाहेरचं काढणं म्हणजे बहिर्वेशन. दुसऱ्याची गंमत, किंवा फजिती म्हणा, पुढे येईल.

तिच्या नोंदी अशा होत्या. वेळ चोवीस तासांच्या घड्याळाची, तापमान अंश सेल्सियसमध्ये:

६ वाजता २८
८ वाजता ३२
११ वाजता ३९.५
१४ वाजता ४१.६

आधी सरळ रेष

दहाचं तापमान काढायचा पहिला मार्ग सगळ्यांनाच येतो. आठ ते अकरा या तीन तासांत ७.५ अंश वाढले, म्हणजे तासाला २.५. आठनंतर दोन तास गेले, म्हणून ३२ + ५ = ३७. मेकॅनिकलची मुलं स्टीम टेबलमध्ये हेच करतात, आणि ज्यांनी शाळेत लॉगची पुस्तिका वापरली त्यांनीही हेच केलं आहे.

यातला २.५ हा आकडा नीट बघा. (३९.५ − ३२) ÷ (११ − ८). हेच पहिलं विभाजित अंतर. तो दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेचा चढ आहे, त्यात नवीन काहीच नाही.

पण सहा ते आठमध्ये हा वेग तासाला २ होता, आठ ते अकरात २.५ झाला, अकरा ते दोनमध्ये ०.७ वर आला. वेग स्वतःच बदलतोय आणि सरळ रेषेला ते ठाऊक नाही. म्हणून वेगाचा वेग काढायचा, मग त्याचाही वेग. विभाजित अंतरांचा सगळा खेळ एवढाच.

तक्ता मांडायची माझी पद्धत

बहुतेक पुस्तकांत हा तक्ता तिरका, शंकरपाळ्यासारखा छापलेला असतो: प्रत्येक आकडा मागच्या दोन आकड्यांच्या मधोमध. दिसायला छान, पण वहीत मांडताना हमखास गल्लत होते. मी सरळ ओळींत मांडतो, खातेवहीसारखा. प्रत्येक नोंदीला एक ओळ. ओळीत आधी वेळ, मग तापमान, मग उजवीकडे एकेक रकाना वाढत जातो:

६ | २८
८ | ३२ | २
११ | ३९.५ | २.५ | ०.१
१४ | ४१.६ | ०.७ | −०.३ | −०.०५

कोणताही नवा आकडा काढायचा नियम एकच: डावीकडच्या आकड्यातून त्या डावीकडच्याच्या वरचा आकडा वजा करा, आणि वेळांच्या फरकाने भागा. वेळ कोणकोणती? एक या ओळीची. दुसरी किती ओळी वरची ते रकान्यावर ठरतं: पहिल्या अंतराला एक ओळ वर, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन.

अकराच्या ओळीतला ०.१ असा आला: डावीकडे २.५, त्याच्या वर २, फरक ०.५. हे दुसरं अंतर, म्हणून दोन ओळी वर जा, तिथे ६ आहे. ११ − ६ = ५. ०.५ ÷ ५ = ०.१.

चौदाच्या ओळीतला −०.३: (०.७ − २.५) ÷ (१४ − ८) = −१.८ ÷ ६. आणि शेवटचा: (−०.३ − ०.१) ÷ (१४ − ६) = −०.४ ÷ ८ = −०.०५. पुढे वाचायच्या आधी हे तिन्ही आकडे स्वतः काढून बघा.

चूक नेहमी छेदात होते. मी स्वतः विद्यार्थी असताना एका परीक्षेत अख्खा तक्ता चुकवला होता, कारण दुसऱ्या रकान्यातही मी शेजारच्याच दोन वेळांचा फरक घेत गेलो. म्हणजे इथे ०.५ ला ५ ऐवजी ३ ने भागलं. पेपर तपासणाऱ्यांनी शून्य देऊन वर "छेद!" एवढंच लिहिलं. दुसऱ्या अंतरात तीन बिंदू गुंतलेले असतात आणि छेद त्या तिघांची पूर्ण लांबी मोजतो, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. हे एकदा डोक्यात बसलं की पुन्हा चुकत नाही.

बहुपदी लिहिणं

तक्ता झाला की काम जवळपास संपलं. प्रत्येक ओळीतला शेवटचा आकडा उचला: २८, २, ०.१, −०.०५. हेच सहगुणक. वेळेला क्ष म्हणू:

प(क्ष) = २८ + २(क्ष − ६) + ०.१(क्ष − ६)(क्ष − ८) − ०.०५(क्ष − ६)(क्ष − ८)(क्ष − ११)

शेवटची वेळ, १४, कंसांत कुठेच नाही. नवशिके तोही एक कंस लावतात, लावायचा नाही. चार बिंदू, तीन कंस, तिसऱ्या कोटीची (म्हणजे डिग्रीची) बहुपदी.

आता क्ष = १०. कंसांच्या किमती ४, २ आणि −१. म्हणून २८ + ८ + ०.८ + ०.४ = ३७.२. सरळ रेषेने ३७ आलं होतं.

कंस सोडवून क्ष³, क्ष² असं लिहायच्या भानगडीत पडू नका. परीक्षेत मागितलंच तर लिहा, एरवी त्याचा उपयोग नाही आणि तिथेच चिन्हं चुकतात. किंमत काढायला आतून बाहेर येणारी मांडणी सगळ्यात सोयीची: २८ + (क्ष − ६)[२ + (क्ष − ८)[०.१ + (क्ष − ११)(−०.०५)]]. दहासाठी सगळ्यात आत ०.१ + ०.०५ = ०.१५. त्याला २ ने गुणून २ मिळवले, २.३. त्याला ४ ने गुणून २८ मिळवले, ३७.२. तीन गुणाकारांत काम झालं.

मग पडताळा. बहुपदीत क्ष = १४ घाला: २८ + १६ + ४.८ − ७.२ = ४१.६. बरोबर आलं. मी परीक्षेत हा पडताळा घेतला असता तर ती चूक तिथेच पकडली असती, कारण ०.१ च्या जागी ०.५ ÷ ३ ठेवलं की अकरा वाजताचं उत्तर ३९.५ ऐवजी ४०.५ येतं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण मुलं करत नाहीत.

नवी नोंद सापडली तर

रात्री जेवताना भाचा म्हणाला, "माझ्या मोबाइलमध्ये फोटो आहे ना त्याचा." सकाळी बरोबर नऊला थर्मामीटरचा फोटो काढून त्याने मित्रांना पाठवला होता. ३४.९. बहिणीने त्याच्याकडे जसं बघितलं, ते लिहिण्यासारखं नाही.

"म्हणजे सगळं पुन्हा करायचं?"

नाही. खातेवहीत मागची पानं खोडत नाहीत, खाली एक ओळ वाढवतात. आणि ती ओळ वेळेच्या क्रमाने घुसवायचीही गरज नाही. नऊ हे आठ आणि अकराच्या मधलं असलं तरी खुशाल सगळ्यांच्या खाली लिहा:

९ | ३४.९ | १.३४ | −०.३२ | −०.०२ | ०.०१

नियम तोच. पहिलं अंतर (३४.९ − ४१.६) ÷ (९ − १४) = १.३४. दुसरं (१.३४ − ०.७) ÷ (९ − ११) = −०.३२. छेद ऋण आला तर घाबरू नका, चिन्हं सांभाळा म्हणजे झालं. बिंदूंचा क्रम कसाही बदलला तरी त्या सगळ्यांचं मिळून होणारं विभाजित अंतर बदलत नाही. त्याच्या या सममितीमुळेच हे चालतं. खात्री नसेल तर पाचही नोंदी वेळेच्या क्रमाने लावून बघा. अगदी शेवटचा आकडा ०.०१ च येईल.

जुन्या बहुपदीला फक्त एक पद जोडायचं: ०.०१(क्ष − ६)(क्ष − ८)(क्ष − ११)(क्ष − १४). दहा वाजता याची किंमत ०.०१ × ३२ = ०.३२. म्हणून नवं उत्तर ३७.५२. हे ०.३२ म्हणजे आधीच्या उत्तरात किती खोट होती त्याचा अंदाजही आहे. तो फुकटात मिळतो.

एक आडवाट. जुन्या बहुपदीने नऊचं तापमान ३४.६ सांगितलं होतं, प्रत्यक्षात ३४.९. हा ०.३ चा फरक कंसांच्या गुणाकाराने, (३)(१)(−२)(−५) = ३० ने, भागा. आला ०.०१. म्हणजे नव्या ओळीतला शेवटचा आकडा 'खरं वजा भाकीत' भागिले कंसांचा गुणाकार असा थेटही निघतो. मला विभाजित अंतराचा खरा अर्थ यातूनच उमगला: आधीच्या माहितीला जे सांगता आलं नाही, तेवढंच ते साठवतं.

अंतर्वेशनाचं दुसरं प्रसिद्ध सूत्र लाग्रांजचं, ते इथे अडखळतं. उत्तर तेच येतं, कारण दिलेल्या बिंदूंतून जाणारी, बिंदूंच्या संख्येपेक्षा कमी कोटीची बहुपदी एकच असते. पण त्या सूत्राच्या रूढ मांडणीत एक बिंदू वाढला की प्रत्येक पद नव्याने लिहावं लागतं. हे सूत्र लाग्रांजने १७९५ मध्ये दिलं, तरी त्याआधी १७७९ मध्ये वॅरिंगने ते छापलं होतं. सिद्धतांसाठी ते सुंदर आहे. वहीवर हिशेब करायला मी ते कधीच घेत नाही.

हा तक्ता न्यूटनचा, आणि त्याला ही गरज पडली ती धूमकेतूंमुळे. निरीक्षणं ठरलेल्या वेळी मिळत नाहीत, आकाश निरभ्र असेल तेव्हाच मिळतात. १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'च्या तिसऱ्या खंडात कितीही बिंदूंतून जाणारा वक्र काढायची रीत आहे आणि लगेच पुढे तिचा धूमकेतूच्या स्थानासाठी वापर. आपल्याकडे ब्रह्मगुप्ताने त्याच्या हजार वर्षं आधी, ६६५ च्या 'खंडखाद्यक'मध्ये, ज्येच्या (म्हणजे साइनच्या) कोष्टकासाठी दुसऱ्या अंतरापर्यंत जाणारं अंतर्वेशन दिलं. त्याचं कोष्टक १५ अंशांच्या समान टप्प्यांचं, आणि झालेल्या व पुढच्या टप्प्यांच्या फरकांना नावं गतखंड आणि भोग्यखंड. समान टप्पे असले की छेद सारखेच असतात, त्यामुळे भागायची कटकट कमी होते. भाचीसारखी टिपणं असतील तर न्यूटनकडेच जावं लागतं.

रकाना वाचायला शिका

एक छोटा सराव. १, २, ४, ७ या संख्यांचे घन १, ८, ६४, ३४३. तक्ता मांडा. पहिली अंतरं ७, २८, ९३. दुसरी ७ आणि १३. तिसरं १. पाचवा बिंदू कोणताही घ्या, तिसरं अंतर पुन्हा १ येईल आणि चौथं शून्य. मूळ फलन तिसऱ्या कोटीची बहुपदी असेल तर चौथा रकाना शून्यांचाच असतो. म्हणून माहितीच्या मागे कोणती बहुपदी दडली आहे हे माहीत नसताना तक्ताच सांगतो की कुठे थांबायचं. एखादा रकाना जवळपास शून्य झाला की त्यापुढचे आकडे बहुधा मोजमापाच्या चुकांचे असतात.

आमचं ०.०१ तसं आहे का? थर्मामीटर ०.१ पर्यंत दाखवतो. नऊची नोंद ०.१ ने चुकली असेल तर शेवटचा सहगुणक ०.१ ÷ ३० म्हणजे सुमारे ०.००३३ ने हलतो, मूळ आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्याने. दहाच्या उत्तरावर त्याचा परिणाम ०.१ च आहे, म्हणून तिथे चालून जातं. सगळीकडे चालत नाही.

कुंपणाबाहेर

भाचीने मला न विचारता चार बिंदूंच्या बहुपदीत क्ष = २० घातलं. रात्री आठ.

"मामा, हे काहीच्या काही येऊन राहिलं. उणे २.८!"

मे महिना, नागपूर, रात्रीचे आठ, आणि बर्फ पडायची वेळ. मग तिने नऊची नोंद धरून केलेल्या बहुपदीत तेच घातलं. ८७.९२. एका नोंदीने दहा वाजताचं उत्तर ०.३२ ने बदललं होतं, रात्री आठचं ९०.७२ ने. कारण कंसांत आहे: दहासाठी गुणाकार ३२, वीससाठी १४ × १२ × ९ × ६ = ९०७२. वरचा ०.००३३ याला गुणून बघा, नऊच्या नोंदीतली ०.१ अंशाची चूक रात्री आठला ३० अंशांची होते. बहुपदीला सूर्य मावळतो हे माहीत नाही. तिला फक्त तिचे बिंदू माहीत आहेत, आणि त्यांच्या बाहेर गेलं की कंस फुगत जातात.

बिंदूंच्या आत असलं म्हणून निर्धास्त राहावं असंही नाही. १ ÷ (१ + २५क्ष²) हे साधं, गुळगुळीत फलन −१ ते १ मध्ये घ्या. त्याची सगळ्यात मोठी किंमत १. समान अंतरावर ११ बिंदू घेऊन दहाव्या कोटीची बहुपदी काढली तर ती टोकांजवळ १.९ च्याही वर उसळते, आणि बिंदू वाढवत गेलं तर आणखी बिघडते. रुंगने हे १९०१ मध्ये दाखवलं. बिंदू निवडणं आपल्या हातात असेल तर चेबिशेवचे बिंदू घ्यावेत: अर्धवर्तुळाच्या कमानीचे समान भाग पाडा, प्रत्येक भागाच्या मध्यावरून व्यासावर लंब टाका. टोकांकडे गर्दी होते, आणि उसळी तिथेच येत असल्यामुळे ती आवरते. निवड आपल्या हातात नसेल आणि नोंदी पंधरा-वीस असतील, तर सगळ्यांतून एकच बहुपदी ओढू नका. हव्या त्या जागेजवळचे चार-पाच बिंदू घ्या, किंवा स्प्लाइन वापरा, म्हणजे कमी कोटीच्या बहुपदींचे तुकडे गुळगुळीत जोडून केलेला वक्र.

कॉम्प्युटरवर

एक्सेलमध्ये वरची ओळींची मांडणी जशीच्या तशी बसते, प्रत्येक रकान्याला एक सूत्र आणि ते खाली ओढायचं. पायथॉनमध्ये अख्खा तक्ता साठवायची गरज नाही, तापमानांची एकच यादी पुरते. प्रत्येक फेरीत एक रकाना काढायचा, पण यादी खालून वर चालवायची. वरून खाली आलात तर ज्या आकड्याची पुढच्या ओळीला गरज आहे तो आधीच पुसला जातो, प्रोग्राम कुठलीही तक्रार न करता चुकीची उत्तरं देतो आणि दोष शोधण्यात संध्याकाळ जाते. फेऱ्या संपल्या की यादीत नेमके सहगुणक उरतात. आणि दोन नोंदींची वेळ एकच असेल तर शून्याने भागाकार होतो, ते आधी तपासा.

दुसऱ्या दिवशी भाचीने कबूल केलं की आदल्या रात्री आठला ती वाळवणं काढायला वर गेली होती आणि थर्मामीटर बघून आली होती. ३६.०. लिहून मात्र ठेवलं नव्हतं, कारण प्रोजेक्ट दुपारी दोनपर्यंतचाच होता. मी म्हटलं, लिही आता, सगळ्यात खाली.

आडवाटेनेच काढलं. खरं ३६, भाकीत ८७.९२, फरक −५१.९२. कंसांचा गुणाकार ९०७२ × ११ = ९९७९२. नवा सहगुणक सुमारे −०.०००५२. तिला वाटलं एवढासा आकडा काय करणार. दहा वाजताच्या उत्तरात खरंच काही केलं नाही, ३७.५२ चं ३७.५० झालं. मग तिने संध्याकाळचे पाच घालून बघितले. आधीची बहुपदी ४८.०२ सांगत होती. आता आलं ४०.६.